शांताकाकूचं मैलांवरचं तिकीट

नसीमा आपांचं नाव आधी लिहितो, मग काय झालं ते सांगतो. आपा बीडच्या. त्यांचे वडील बसस्टँडपाशी हातगाड्यावर फळं विकायचे, हंगामात नुसती सीताफळं. लग्न होऊन आपा दुबईला आल्या आणि आज आमच्या तिकीट ऑफिसात सगळ्यांत जुन्या त्याच आहेत. मालक बदलले, फर्निचर बदललं, आपांची खुर्ची तिथंच आहे. मी जी भाकरी खातो ती त्यांनी हाताला धरून शिकवलेल्या कामाची. दिवाळी अंकात कामाबद्दल लिहायचं आहे असं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "माझं काही लिहू नको रे बाबा. मैलांचं लिही." पण आपांना वगळून मैलांचं काय लिहू?

मी पाटोदा तालुक्यातल्या एका गावचा. आठवीत शाळा सोडली, पेट्रोल पंपावर लागलो, तिथं येणाऱ्या जीपवाल्यांच्या नादानं गाडी शिकलो आणि ड्रायव्हर म्हणून इकडं आलो. ऑफिसचे पासपोर्ट, तिकिटं पोचवायचो. एकदा ऐन गर्दीत काउंटरला माणूस कमी पडला. आपांनी खुर्ची पुढं सरकवली. "बस इथं."

"आपा, मला इंग्रजी येत न्हाई."

"गाडीचा नंबर वाचता येतो का? मग हे पण तसंच. अक्षरं वाच, वाक्य सोडून दे."

विमानतळाला तीन अक्षरं असतात, कंपनीला दोन, सीटच्या वर्गाला एक. तेवढ्या अक्षरांवर माझं दुकान आजपर्यंत चाललं आहे. वाक्यं हळूहळू मागून आली. भीती मात्र पहिल्या दिवसापासून होती आणि अजून गेलेली नाही. बटण दाबायच्या आधी मी नाव, तारीख, महिना परत परत बघतो. गिऱ्हाईक विमानात बसलं की इतर लोक विसरतात. मी ते उतरेपर्यंत त्याचं विमान फोनवर बघत फिरतो. बायको फोनवर म्हणते, "इमान तुमी चालवताय का वो?"

आता मैल म्हणजे काय, ते सांगतो. बँकेचं कार्ड वापरलं की बँक पॉइंट देते. ते पॉइंट विमान कंपनीकडं वळवले की त्यांचे मैल होतात आणि मैलांवर तिकीट निघतं. ऐकायला सोपं आहे. पण विहिरीचं पाणी एकदा वाफ्यात सोडलं की ते परत विहिरीत येत नाही, तसं हे आहे. वळवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. आणि कंपनी मैलांवर द्यायला सीटा ठेवते अगदी मोजक्या. पुढच्या भागातली, जिथं सीटचा पलंग होतो ती, एखादी. कधी कित्येक महिने आधी उघडते, कधी विमान सुटायच्या तोंडावर, आणि तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत कुणीतरी उचलतं. म्हणून आपांचा नियम असा की आधी सीट शोधायची, फोन करून ती धरून ठेवायची, मग पॉइंट वळवायचे. लोक बरोबर उलटं करतात. पॉइंट आधी वळवतात, सीट मिळत नाही, आणि मग आमच्याकडं येऊन आमच्यावरच ओरडतात.

गिऱ्हाईकंही एकेक भेटली. एका सराफाला पहिल्या वर्गात बसवलं, तर विमान सुटायच्या आधी त्याचा घाबराघुबरा फोन. "दत्ता, यांनी पायजमा-सदरा दिलाय. घालायचा का घरी न्यायचा?" मी आपांना विचारलं. आपा म्हणाल्या, "त्याला सांग, आधी घाल, मग ने." दुसऱ्या एका जोडप्यासाठी पुढची एकच सीट मिळाली. नवरा पुढं झोपून गेला, बायको मागं बसून गेली. परत आल्यावर बाई एकट्याच ऑफिसात आल्या. "त्या कार्डावर महिन्याचा किराणा मी भरला, गहू मी निवडला, आणि पाय पसरून हा गेला. पुढच्या वेळी सीट एकच असली तर फोन मला करायचा." तेव्हापासून एकच सीट असली की मी दोघांना समोर बसवल्याशिवाय बोलत नाही.

पण लिहायला बसलो ते शांताकाकूसाठी.

शांताकाकू आमच्या गावची. नात्यानं कुणी नाही, पण आई शेतात गेली की मी तिच्याच ओट्यावर वाढलो. काका गेल्यावर ती आणि तिची एकुलती एक मनीषा, दोघीच. मनीषा शिकली, लग्न होऊन शिकागोला गेली. तिचं पहिलं बाळ राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची बंदी केली. नवरा कामाला जायचा, दिवसभर घरात ती एकटी. काकू जाणारच होती, व्हिसाही आला होता, आणि न्हाणीत पाय घसरून काकूच्या खुब्याचं हाड मोडलं. आत लोखंडी पट्टी घालून हाड बसवलं, भिंतीला धरून चालायला लागली, पण बसणं जमेना. थोडा वेळ बसली की कळ मस्तकात जायची. डॉक्टर म्हणाले, झोपून जाता येत असेल तर जा, बसून मी परवानगी देणार नाही.

मनीषाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, त्यानं मी जास्त घाबरलो. "दत्तादादा, झोपून जायच्या सीटची किंमत बघितली. आमच्यानं होणार नाही. पण ह्यांच्या कार्डाचे पॉइंट बरेच साठलेत. ते आत्ता वळवू का?"

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. "बटणाला हात लावू नको. आधी सीट सापडू दे."

त्यानंतर माझा दिवस सीट शोधण्यानंच सुरू व्हायचा आणि त्यानंच संपायचा. संभाजीनगरहून छोट्या विमानानं मुंबई, मुंबईहून युरोप, तिथून शिकागो, असं सगळं एकाच तिकिटात बसवायचं होतं. गावापासून मुंबईपर्यंत जीपनं नेलं तर काकूचं हाड राहील का, ही भीती मला. म्हणून संभाजीनगरचा टप्पा मुद्दाम घातला. तो घातला तरी मैल तेवढेच लागत होते. मनीषाचे दिवस भरत आले होते. रोज बघावं, रोज काही नाही. आपा माझ्या पाठीमागून जाताना पडद्यावर नजर टाकायच्या आणि चहाचा कप ठेवून जायच्या.

एका दुपारी सीट दिसली. युरोपपर्यंत एक आणि पुढं शिकागोपर्यंत एक. घाईत माझे फोनचे आकडे चुकायला लागले. आपांनी फोन लावून दिला. सीट धरली, मनीषाला उठवलं, तिकडं पहाट होती. तिच्या नवऱ्यानं पॉइंट वळवले. ते कंपनीकडं पोचेपर्यंत मी घशाखाली पाणीसुद्धा उतरवलं नाही. शेवटी तिकिटाचा नंबर आला. आमच्या धंद्यात नंबर येईपर्यंत तिकीट नसतं, नुसती आशा असते. नंबर आला तेव्हा मी टेबलावर डोकं टेकवलं.

काकूला फोन केला. समजावून सांगितलं की सीटचा पलंग होतो, गादी घालतात, पांघरूण देतात.

काकू म्हणाली, "आरं पर, चपला कुठं काढायच्या?"

"तिथंच, सीटखाली."

"अन् मी झोपल्यावर मानसं वरून जात्याल का?"

"न्हाई काकू. तुला वेगळी खोली केल्यागत असतंय."

"मंग एकलीच व्हय मी? बोलायला कुनी नसंल."

तिचा भाऊ तात्या शेजारीच होता. तात्या एके काळचा सरपंच. तालुक्यातली कुठलीही कचेरी असो, आत शिरून बोलणारा, आणि बहिणीवर जीव टाकणारा. त्यानं फोन घेतला. मी सगळं सांगितलं. संभाजीनगरला अमुक वेळेला पोचा, चाकाची खुर्ची मागा, माणूस येईल. "हां, हां," तात्या म्हणाला, "तू काळजीच करू नको. मी हाय ना."

तात्या आहे म्हणूनच मला काळजी वाटायला हवी होती, पण तेवढं कुठं सुचतं.

निघायच्या दिवशी दुपारनंतर मी फोन लावला. संभाजीनगरचं विमान संध्याकाळचं. गाडी आता संभाजीनगरात शिरत असेल, असा माझा हिशोब. फोनमध्ये ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"कुठवर आलाव तात्या?"

"आरं, एक नंबर चाललोय. नगर सोडलं आत्ताच."

मला वाटलं चुकून बोलला. "नगर? नगर कावून? संभाजीनगरला जायचंय ना?"

"तिकडं कावून जायचं बे? बाईला दोनदा चढवा, दोनदा उतरवा, ती छोटी इमानं हालत्यात म्हनं. मी जीपची मागची सीटच काढली. दोन गाद्या टाकल्या. झोपून चाललीय मस्त. थेट मुंबईलाच चढवू की."

"तात्या, तिकीट संभाजीनगरहून हाय."

"मंग? शीट तर आपली रिझर्व हाय ना? बीडहून रिझर्वेशन करून आपन पाटोद्यात चढतो का न्हाई पुन्याच्या गाडीला? कंडक्टर शीट देतो का न्हाई?"

तात्याचं बरोबर होतं. आमच्याकडं सगळे असंच करतात. बीडचं तिकीट, पाटोद्याला चढायचं. कंडक्टर म्हणतो, पाहुणे पुढं चढणार आहेत, बसू नका. माणूस माणसाची वाट बघतो. विमानाचं यंत्र तसं बघत नाही. एका तिकिटातले टप्पे एका दोऱ्यात ओवलेले असतात. पहिल्या टप्प्याला प्रवासी चढला नाही की यंत्र समजतं, हा माणूस आलाच नाही, आणि पुढचे सगळे टप्पे आपोआप खोडून टाकतं. संभाजीनगरचं छोटं विमान काकूशिवाय उडालं की मुंबईची तिची सीट गेली, शिकागोची गेली. मैलही अडकले. आणि मनीषा अंथरुणात दाराकडं डोळे लावून.

नगरच्या पुढून मागं वळून संभाजीनगर गाठणं आता शक्य नव्हतं.

"तात्या," मी म्हणालो, "तू थांबू नको. मुंबईकडं चालत राहा. पन फोन उचल. मी लावला की पहिल्या घंटीला उचल."

"लई टेन्शन घेतो बे तू," तात्या म्हणाला. मागून काकूचा आवाज आला, "काय झालं रं? दत्ता काय म्हनतोय?" "काय न्हाई आक्का, इचारतोय जेवलीस का."

मी फोन ठेवला. आपांच्या टेबलापुढं गेलो. आपांनी समोरच्या गिऱ्हाइकाला "माफ करा, पाच मिनिट" म्हटलं आणि माझ्याकडं वळल्या. मी सांगितलं. आपांनी कपाळाला हात लावला नाही, तात्याला एक शब्दही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "संभाजीनगरचं विमान उडालं का?"

"नाही. अजून वेळ आहे. थोडाच."

"मग अजून जान आहे. उडायच्या आधी सांगितलं तर बदल म्हणतात. उडाल्यावर सांगितलं तर गैरहजर म्हणतात. लाव फोन."

कंपनीचा फोन लावला. थांबवून ठेवताना वाजवतात ती वाजंत्री सुरू झाली. ती वाजंत्री आजही कुठं ऐकू आली तर मी हातातलं काम सोडून घड्याळाकडं बघतो. शेवटी एक माणूस आला. मी आपांकडं बघितलं, त्या मला 'बोल' म्हणून खुणावत होत्या. मी बोललो. पण धावत आल्यासारखा बोललो, संभाजीनगर, मुंबई, खुबा, बाळंतपण सगळं एका दमात. तो माणूस शांतपणे म्हणाला, हे मैलांचं तिकीट आहे, बदल करायचा तर सगळं सोडून नव्यानं शोधावं लागेल. सोडू का?

आपांनी झडप घालून फोन घेतला आणि ठेवून दिला.

"आपा! का ठेवला?"

"त्यानं सोडलं असतं. एकदा मोठ्या विमानाची सीट सुटली की ती आपल्यासाठी बसून राहते का? दुसरा माणूस, दुसरं नशीब. परत लाव."

परत वाजंत्री. मी घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून घड्याळाकडंच बघत होतो. या वेळी बाईचा आवाज आला. मी फोन आपांकडं दिला. सरळ सांगतो, मी दिला. 'सोडू का' हे परत ऐकायची माझी हिंमत नव्हती.

आपा इंग्रजीत बोलल्या, पण बीडच्या बाजारात गिऱ्हाइकाशी बोलावं तशा, घाई न करता. आधी त्या बाईंची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "एक म्हातारी आहे, खुब्यात पट्टी आहे, बसू शकत नाही, म्हणून घरच्यांनी तिला झोपवून रस्त्यानं मुंबईला नेलं. पहिला छोटा टप्पा तेवढा काढायचा आहे. पुढच्या दोन सीटांना हात लावू नका. त्या जशा आहेत तशा राहू द्या, फक्त तिकीट नव्यानं छापा." आणि परत एकदा, तितक्याच हळू, "हात लावू नका."

त्या बाई म्हणाल्या, वरिष्ठांना विचारते. पुन्हा वाजंत्री.

मी ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिलो. समोरच्या दुकानात एक पठाण गालिचे घडी घालत होता, ते बघत राहिलो. काकूच्या ओट्यावर मी किती जेवलो असेन, तेच डोक्यात यायला लागलं. गावात काय म्हणतील, हेही आलं, खोटं कशाला बोलू. दत्त्यानं तिकीट काढलं आणि म्हातारी मुंबईहून परत आली.

"दत्ता," आपांनी हाक मारली. त्यांनी फोन कानाला धरला होता आणि दुसऱ्या हातानं कागदावर आकडे लिहीत होत्या. तिकिटाचा नवा नंबर होता. मी तो पडद्यावर घातला. मुंबई, युरोप, शिकागो. पहिला टप्पा गेलेला, बाकी दोन जागच्या जागी. आपांनी त्या बाईंना दुवा दिली, मराठीतच दिली, आणि पाचच मिनिटं म्हणून थांबवलेल्या गिऱ्हाइकाकडं वळल्या. "हां, तुमचं कोचीनचं होतं ना?"

काकू मुंबईला वेळेत पोचली. तात्यानं चाकाची खुर्ची मागितली, माणूस आला. ती विमानात बसेपर्यंत, विमान उडेपर्यंत, युरोपात उतरेपर्यंत मी नेहमीसारखाच फिरत होतो. दुसऱ्या दिवशी मनीषाच्या फोनवरून काकूचा आवाज आला.

"दत्ता, लेकरा, गादी लई मऊ होती. पर त्या पोरी सारख्या वाकून वाकून इचारायच्या, काय पायजे, काय पायजे. मला लाजल्यागत झालं. मी म्हनलं, बस बाई जरा, तूबी दमली आसशील. तर बसना."

"दुखलं का काकू?"

"जीपमधी दुखलं. तिकडं न्हाई." मग आवाज खाली आणून, "तात्याला सांगू नको."

पुढं मनीषाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. काकू खुर्चीत बसून नव्हे, पलंगावर पडून नातीला कुशीत घेते, तो फोटो आमच्या ऑफिसात आपांच्या टेबलावर काचेखाली आहे. गावात मात्र वेगळीच कथा चालते. तात्या पारावर सांगतो, "दत्त्यानं कुठल्या तरी छोट्या इमानात घातलं होतं. मी थेट मुंबईला नेलं म्हनून बाई पोचली." मी सुट्टीत गेलो तेव्हा माझ्यासमोरच सांगितलं. मी म्हणालो, "खरं हाय तात्या." तात्यानं त्यावर चहा पाजला.

आपांबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली. बीडच्या डोंगरातलं सीताफळ तयार होतं तेव्हा आमच्या ऑफिसात वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी असते, सगळ्यांना दिवाळीला घरी जायचं असतं. म्हणून आपा कायम उन्हाळ्यात गावी जातात. हंगामातलं सीताफळ झाडाखाली बसून खाल्ल्याला त्यांना वर्षं झाली. इथं बाजारात मिळतं, गार पेटीतलं. आपा एखादं हातात घेतात, वडिलांनी शिकवलं तसे त्याच्या सालीवरचे डोळे उघडलेत का बघतात आणि परत ठेवून देतात. काकूचं तिकीट वाचलं त्या दिवशी संध्याकाळी ऑफिस बंद करताना मी म्हणालो, "आपा, तुमचे उपकार कसे फेडू?" त्या हसल्या. "फेडायचे असतील तर एका दिवाळीला काउंटर तू एकटा संभाळ. मी बीडला जाते. दोन टोपल्या खाऊन येते."

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी, आपा." पुढच्या वर्षीही तेच म्हणालो. दर वर्षी सीताफळाचे दिवस येतात आणि मला ती वाजंत्री ऐकू येते, आणि पलीकडचा माणूस विचारतो, सोडू का?

आपा, हा अंक आला की मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एका हंगामात तुमच्या खुर्चीत मी बसेन. फोन वाजला की मीच उचलीन, आणि "हात लावू नका" मीच म्हणेन, तुमच्यासारखं हळू. तुमचं तिकीट मैलांवर काढीन, मैल माझे असतील. आणि पहिल्या टप्प्याला तुम्ही चढलात हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय विमानतळावरून हलणार नाही. कोणत्या वर्षी, ते आज विचारू नका. पण तुम्हाला सीताफळाच्या दिवसांत बीडला पाठवीन.